चर्चची मागची भिंत आणि कॉलनीचा नाला

मावशी, जय ख्रिस्त.

माहेर वसईचं, लग्नानंतर बारा वर्षं इंदुरात आहे. हे पीथमपूरला कारखान्यात, मी घरी शिकवण्या घेते. आमच्या कॉलनीच्या रहवासी संघाची मी सचिव आहे आणि गेल्या वर्षीपासून धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पॅरिश कौन्सिलवरही. दोन्हीकडे बरं चाललं होतं. पण चर्चची मागची भिंत आमच्या गल्लीला लागून आहे आणि भिंतीच्या कडेने नाला जातो. यंदा सणाच्या मिस्सेनंतर सहाशे माणसांचं जेवण झालं. संध्याकाळी उष्ट्या थाळ्या, पेले, उरलेला भात, सगळं भिंतीवरून पलीकडे गेलं. दोन दिवसांनी जोराचा पाऊस आला, नाला तुंबला, तीन घरांत पाणी शिरलं. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आले आणि खाली ओळ, "चर्चवालों की मेहरबानी." संघाने नगर निगमाकडे तक्रार करायचं ठरवलंय. सचिव म्हणून सही माझी.

कौन्सिलच्या बैठकीत मी विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, "तू आपली की त्यांची? दिवस कसे आहेत, कळतंय ना?" फादर काहीच बोलले नाहीत. हे म्हणतात, दोन्ही सोडून दे.

त्यात कॉलनीतले काहीजण मागे लागलेत, निगमाच्या पुढच्या निवडणुकीत पार्षदासाठी उभी राहा म्हणून. ही गोष्ट कानावर गेल्यापासून तेच गृहस्थ खूश आहेत. म्हणतात, "मिस्सेच्या शेवटी फादर तुझं नाव घेतील, आपली मतं पक्की." मला ते पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. कॅथलिक बाईने यात पडावं का? शिवाय कॉलनीच्या गणपतीला मी वर्गणी देते, त्यावरून एका सिस्टरनी मला टोकलं. आणि संघाची बैठक नेमकी रविवारी मिस्सेच्या वेळेला असते.

दोन दगडांवर पाय असलेली, इंदूर

मुली,

सही कर. ठराव झाला आहे, तीन घरांत नाल्याचं पाणी शिरलं आहे आणि तू सचिव आहेस. त्या कागदावर सही करायची नसेल तर खुर्चीच सोडायला हवी. पण सहीच्या आधी दोन कामं आहेत आणि ती याच आठवड्यात उरकायला हवीत.

तक्रारीचा मसुदा तू स्वतः लिही, दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नकोस. ग्रुपवरच्या फोटोखालची ती ओळ त्यात शिरता कामा नये. तारीख, भिंत, नाला, काय टाकलं होतं, किती घरांत पाणी गेलं, बस. "चर्चवाल्यांनी" नको, "ख्रिस्ती लोकांनी" तर नकोच नको. "अमुक तारखेला चर्चच्या आवारात झालेल्या जेवणाचा कचरा" असं लिही. संघात कुणी कुरकुर केली तर शांतपणे विचार, की गणपतीच्या मंडपामागे निर्माल्य कुजत पडलं असतं तर आपण निगमाला "हिंदूंनी टाकलं" असं कळवलं असतं का? कुणी नाही म्हणणार नाही. तुझ्या कॉलनीतली माणसं वाईट नाहीत. त्यांच्या घरात घाण पाणी आलंय आणि ती चिडली आहेत.

दुसरं काम, तक्रार जायच्या आधी फादरना एकटी भेट. बैठकीत नको. सकाळची मिस्सा आटोपली, त्यांनी वस्त्रं उतरवून ठेवली की म्हण, "फादर, पाच मिनिटं माझ्याबरोबर मागच्या गल्लीत चला." मोबाईलवरचे फोटो दाखवत बसू नकोस, त्यांना चालवत ने. आपल्या आवाराची भिंत ते रोज आतून बघतात. बाहेरून कधी बघितली असेल असं मला वाटत नाही. फादर लोकांचं असं आहे की ते चार-पाच वर्षांसाठी येतात, शाळा, हिशेब, बाप्तिस्म्याची नोंदवही, आजारी माणसं यांत गुरफटतात आणि गल्लीची ओळख व्हायच्या आत त्यांची बदली होते. बैठकीत ते गप्प राहिले याचा अर्थ तुझ्या विरोधात आहेत असा नको घेऊस. त्यांना बहुधा काय करायचं तेच सुचलं नाही.

तुझ्यावर बोट रोखणाऱ्या त्या गृहस्थांच्या शब्दाला कौन्सिलचा निर्णयही समजू नकोस. पॅरिश कौन्सिल फक्त सल्ला देते. 1983 च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या, 536व्या कलमात ते स्वच्छ लिहिलं आहे. आणि 212व्या कलमात त्याहून महत्त्वाचं आहे: ख्रिस्तसभेच्या भल्याच्या गोष्टींत आपलं मत पाळकांना सांगणं हा भाविकांचा हक्क आहे, प्रसंगी ते त्यांचं कर्तव्यही असतं. म्हणजे गल्लीत जाऊन फादरना नाला दाखवणं हा आगाऊपणा नव्हे. ते तुझं कामच आहे.

त्यांना नियमही सांग, कारण कुणी सांगितलेला नसणार. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांपासून ही अट आहे की परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि ओला-सुका कचरा जागेवरच वेगळा करायचा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. हे शहर 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर सोडायला तयार नाही, इथे पिवळी गाडी गाणं वाजवत दाराशी येते आणि सुक्यात ओलं सापडलं तर गाडीवरचा पोरगा आपल्याला ऐकवून जातो. त्या शहरात सहाशे माणसांच्या उष्ट्याचा ढीग भिंतीवरून फेकायचा म्हणजे कमाल आहे. आधी निगमाच्या सफाई दरोग्याला एक फोन केला असता तर गाडी आवारातच येऊन उभी राहिली असती.

आता त्या "आपली की त्यांची" बद्दल. त्या गृहस्थांना भीती वाटते आणि ती भीती हसण्यावारी न्यावी असं मी म्हणणार नाही. मीही पेपर वाचते. पण दिवस कठीण आहेत म्हणून आपला कचरा झाकायचा, हे गणित मला कधी सुटलं नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं तो झाकलेलं विसरत नाही.

माझ्यावर अशी वेळ आली होती. बरीच वर्षं झाली. नाताळच्या रात्रीची मिस्सा होती आणि आमच्या चर्चसमोरची गल्ली स्कूटरींनी गच्च भरली होती. हँडलला हँडल लागलेलं. ग्लोरियाच्या वेळी घंटा वाजायला लागल्या आणि त्याच वेळी समोरच्या घरातल्या आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांच्या मुलाने रिक्षा बोलावली होती, ती कोपऱ्यावर अडकली. शेवटी मुलाने आणि रिक्षावाल्याने आजोबांना खुर्चीत बसवून, खुर्ची डोक्याइतकी उचलून, स्कूटरींच्या वरून बाहेर काढलं. आम्ही आत गात होतो. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी मी केक आणि करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. आजींनी डबा घेतला नाही. दारातच म्हणाल्या, "केक नको बाई. पुढच्या वर्षी गल्ली मोकळी ठेवा." मी डबा तसाच घेऊन परत आले. रस्ता ओलांडताना तो इतका जड वाटला की काय सांगू.

पुढच्या नाताळला आमच्या तरुण मुलांनी गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली, गाड्या शाळेच्या मैदानात लावल्या आणि दोन मुलं पूर्ण मिस्साभर दोरीपाशी उभी राहिली. त्यांनी मिस्सा बुडवली, असं एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांनीच खरी ऐकली. त्यांना माझं बोलणं आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांना सकाळच्या मिस्सेला मीच पाठवलं होतं.

म्हणून म्हणते, फादर गल्लीत येऊन गेले की त्या तीन घरी जा. त्यांना घेऊनच जा. केक नेऊ नका, सफाईची माणसं न्या. नाल्यातला गाळ धर्मग्रामाच्या खर्चाने काढून घ्यायचा. कौन्सिल पैशाचं कारण सांगेल, तर सहाशे माणसांच्या जेवणाला पैसे होते, एवढं म्हण आणि गप्प बस. हे सगळं झाल्यावर संघाला वाटलं की तक्रारीची गरज उरली नाही, तर तो संघाचा निर्णय. नाही वाटलं, तर तक्रार जाऊ दे. तुझी सही असलेला कागद निगमात पोहोचला म्हणून ख्रिस्तसभेचं काही बिघडत नाही.

आता निवडणूक. उभी राहा की नको, ते मी सांगणार नाही. घरात दोन मुलं आहेत की सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, मला काय माहीत. पण पडावं का, या प्रश्नाचं उत्तर जुनंच आहे. कॅथलिक कॅटेकिझमच्या, म्हणजे आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाच्या, 2240व्या परिच्छेदात कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं हे नैतिक बंधन म्हणून सांगितलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये राजकारणाला सेवेच्या श्रेष्ठ प्रकारांत बसवलं, तेही लोक राजकारणाला नावं ठेवतात हे मान्य करून. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. इंदुरात 85 वॉर्ड आहेत, तेव्हा चाळीसच्या वर पार्षद बाया असणारच. त्यातली एखादी शिकवण्या घेणारी आणि नाल्यावर लक्ष ठेवणारी असली तर शहराचं काही वाईट होणार नाही.

पण तुला जे पटलं नाही आणि सांगता आलं नाही, ते बरोबर आहे. मिस्सेच्या शेवटी वेदीवरून तुझं नाव घेतलं जाता कामा नये. एकदाही नाही, गमतीतही नाही. कायद्याचं आधी बघ. प्रार्थनास्थळाच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करायला 1988 च्या एका केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा व्यवस्थापनाला होते, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तुला मत मिळवून देण्याच्या नादात ते गृहस्थ फादरना कोर्टात उभे करणार. निवडणुकीची आचारसंहिताही देऊळ, मशीद, चर्च प्रचाराला वापरू देत नाही.

पण समज कायदा नसता, तरीही मी हेच म्हटलं असतं. कॅनन कायद्याचं 227वं कलम मला फार आवडतं. प्रपंचाच्या कारभारात प्रापंचिकांना इतर नागरिकांसारखंच स्वातंत्र्य आहे, असं ते म्हणतं, आणि लगेच पुढे बजावतं की स्वतःचं मत ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून पुढे करू नका. उभी राहायला तुला कुणा फादरची परवानगी लागत नाही. आणि उभी राहिलीस तर तू तुझ्या नावावर, तुझ्या कामावर उभी राहशील. चर्चची उमेदवार असा प्रकारच नसतो. पुढे-मागे निगमात तू एखादं चुकीचं मत दिलंस तर ते तुझं असेल, धर्मग्रामाच्या माथी बसायला नको. फादरना तर पार्षद व्हायचीही मुभा नाही. सत्तेची पदं आणि पक्षाचं काम धर्मगुरूंना कॅनन कायद्यानेच वर्ज्य आहे.

तू वसईची, म्हणशील की मग फादर फ्रान्सिस दिब्रिटो? त्यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, पण त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती आणि विषय वसईच्या जमिनीचा, पाण्याचा, वाडीचा होता. कुणाला मत द्या हा नव्हता. फरक तिथे आहे.

आणि खरंच नागरिकाचं काम करायचं असेल तर निवडणुकीची वाट कशाला बघतेस? तुमच्या जेवणात भांडी घासायला, मांडव घालायला कोण होतं ते आठव. आमच्याकडे तरी ती झाबुआ-अलिराजपूरकडून आलेली भिल्ल मुलं असतात. आपल्याच चर्चमधली. हिंदी मिस्सेला मागच्या बाकांवर बसतात, बांधकामावर काम करतात, एका खोलीत पाचजण राहतात आणि भाडेकराराचा कागद कुणाकडे नसतो. मतदार यादीत नाव गावाकडे, माणूस इथे. किंवा नाव कुठेच नाही. त्यांना घेऊन बस. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. अठरा पूर्ण व्हायची तारीख आता वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या 1 तारखेला. आपल्या भागाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, कोण हे तुला सचिव म्हणून माहीत असणारच. चार रविवार मिस्सेनंतर हॉलमध्ये एक टेबल मांड, एक पेन दोरीने बांधून ठेव, नाहीतर ते जातं. कुणाला मत द्यायचं हा विषय त्या टेबलावर निघाला की टेबल उचलायचं.

हे मी उगीच नाही सांगत. सिस्टर राणी मारियांना 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच, इंदुरात धन्य घोषित केलं, तेव्हा मी मैदानात अगदी मागे होते, माझ्यापुढे उदयनगरकडून ट्रॅक्टरने आलेल्या बायका होत्या. सिस्टर तिकडे काय करत होत्या? भूमिहीन मजुरांना सरकारी योजना समजावून सांगायच्या, सावकाराऐवजी बँकेकडे जा म्हणायच्या. साधं कागदांचं काम. ते काहींना इतकं खुपलं की 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं. त्यांचा फोटो आपण कपाटावर ठेवतो, मेणबत्ती लावतो. त्यांचं काम मात्र फॉर्म भरण्याचं होतं, हे कुणी मुलांना सांगत नाही.

मतदानावरून आठवलं. गेल्या लोकसभेला इंदुरात नोटाला 2,18,674 मतं पडली. तेव्हा आमच्या सोडॅलिटीतल्या, म्हणजे चर्चच्या भक्तिमंडळातल्या, एका आजींनी मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "नोटा दाबलं तर पापनिवेदनात सांगावं लागतं का गं?" मी म्हटलं, नाही. मतदानाला गेलातच नसता तर मात्र फादरशी बोला.

वर्गणीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मी दर वर्षी देते आणि मुलांच्या चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बसते. आरती सुरू झाली की आदराने उभी राहते. पूजेला बस असा आग्रह मला कुणी केलेला नाही. नाताळात त्याच मंडळाची पोरं आमच्याकडे गव्हाणी बघायला येतात आणि प्रत्येक मेंढरू हलवून जातात. सिस्टरना सांग, वर्गणी शेजाराला दिली. त्यांना आणखी बोलायचं असेल तर बोलू देत.

रविवारच्या बैठकीला तर सोपा उपाय आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, पण तू दर वेळी का धावायचं? संघाला सांग, बैठक अकराला ठेवा. नऊला ती कुणी ठेवली होती, तेही त्यांना आठवत नसेल.

आणि यजमानांना सांग की दोन्ही सोडलं तरी नाला भिंतीच्या कडेनेच वाहणार आहे. तो तुमच्या कॉलनीचाही आहे आणि चर्चचाही, तुझ्यासारखाच. होळकरांबरोबर आलेली मराठी माणसं इथे आता पाहुणी राहिली नाहीत, आपणही नाही. परागंदा झालेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहून सांगितलं होतं की ज्या नगरात तुम्हाला पाठवलं त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर बाबेल होतं, त्यामानाने इंदूर बरंच बरं.

पुढच्या सणाला स्टीलच्या थाळ्या वापरायचं ठरलं तर मला आधी कळव. आमच्या धर्मग्रामाने अडीचशे घेतल्या आहेत, एरवी पेटीत पडून असतात. पाळीपाळीने पंगत बसवलीत तर सहाशेंना पुरतील. नेताना मोजून ने आणि देताना मोजून दे, मागे एका लग्नातून अकरा कमी आल्या होत्या आणि त्या अजून मिळालेल्या नाहीत.

तुझी,
मावशी